तीनदा उपसलेली विहीर

बदलापूर गावात महिपतीला नुसतं महिपती कुणी म्हटलंच नाही. 'पावडरवाला महिपती' हेच त्याचं नाव. विहिरींत औषध टाकायला लोकल बोर्डाने ठेवलेला माणूस. चाळिशीच्या आत त्याचे केस पिकले, ते मात्र पावडरीने नव्हे, बनूबाईने!

झालं काय, छप्पनच्या पावसाळ्यात उल्हास नदी अशी चढली की गावची पिण्याची विहीर काठासकट बुडाली. पूर ओसरला तेव्हा आत गाळ, पाला आणि फुगलेलं एक मांजर. दोन घरांत जुलाब-उलट्या लागलेल्या. त्यात महिपतीची लेक अंजनी माहेरी बाळंत झालेली, पोर आठ दिवसांचं. पाणी उकळावं तर सरपण भिजून चिंब. दारात धरलेल्या पागोळ्यांच्या पाण्यावर तिचं कसंबसं भागत होतं.

महिपतीने मांजर काढलं, बादलीत पावडर कालवली, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं, “सकाळपर्यंत घागर बुडवू नका” असं बजावलं आणि निवांत जेवायला गेला. सकाळी बघतो तर विहिरीभोवती चिखलच चिखल, पाणी दोन हात खाली, आणि आळीतल्या बायांची म्होरकी बनूबाई पदर खोचून रहाट ओढतेय.

“मावशी, हे काय?”

“काय म्हंजी? तुझ्या त्या औषधाचा वास सुटला व्हता. आम्ही बायांनी उपसून काढलं. आता चाखून बघ, कसं ग्वाड लागतंय!”

महिपतीने कपाळावर हात मारला. पुन्हा पावडर टाकली. पुन्हा उपसा! बापजाद्यांपासूनची रीतच ती: विहिरीत घाण पडली की वास जाईस्तोवर उपसायचं. तिसऱ्यांदाही तेच झालं. डबा तळाला गेला, आणि रस्ता खचल्यामुळे कल्याणहून दुसरा येईना. वर पाऊसही उघडला. अंजनीने रिकामा हंडा कलता करून दाखवला. “बाबा, विहिरीचं पिऊ का आता?”

तसाच महिपती डबा घेऊन विहिरीकडे सुटला. “मावशी, ती घाण न्हाय गं! तो वास म्हंजेच औषध! वास गेला की औषध गेलं!”

रहाट थांबला. बनूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग मेल्या, तीन दिवस हे सांगायला तुझी जीभ काय पुरात गेली व्हती?”

महिपती मनाशी आठवू लागला. घागर बुडवू नका, पाणी ढवळू नका, सगळं सांगितलं होतं. एवढंच तेवढं राहिलं होतं. त्याने उरलेली पावडर कालवली आणि बादली तिच्याच हातात दिली. तिने ती ओतली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काठी घेऊन विहिरीवर बसली. माझ्या हातचं औषध उपसायला कोण येतो बघतेच, म्हणाली. कुणी आलं नाही. सकाळी पहिली घागर महिपतीच्या घरी, अंजनीकडे गेली. माय-लेकरू दोघं धडधाकट राहिली.

पण महिपतीची सुटका कुठली? पुढे दर पावसाळ्यात बनूबाई घागर नाकाशी धरायची आणि भर आळीतून हाक घालायची, “म्हैपत्या, हात आखडतोस व्हय रं? पाण्याला वासच न्हाय!”