बपेऱ्याच्या मंडईतली ‘लोखंडी लिपस्टिक’

मोहाडीत बाजाराच्या रस्त्यावर रत्नमालाचं ब्युटी पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि आरशामागे दोरीवर टांगलेली गंगावनं. नवरी सजवण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही, असं तिची गिऱ्हाइकं म्हणतात. गिऱ्हाइकांबद्दल तिला काय वाटतं ते ती फक्त घरी, जेवताना, नवऱ्याला सांगायची. हसता हसता अनुपला ठसका लागायचा. तो राइस मिलमध्ये सुपरवायझर. डोक्याला टक्कल, बोलणं कमी.

दिवाळीच्या आधीपासून पार्लरमधून वस्तू गायब होऊ लागल्या. आधी गडद लाल लिपस्टिक, मग आयलायनर, मग कमरेपर्यंत येणारं सोनेरी गंगावन. अनुप दर रविवारी ‘मिलच्या कामाने’ तुमसरला जाई आणि परतला की त्याच्या कानामागे चमकी दिसे. रत्नमालाने विचारलं नाही. उत्तर तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. दुसरी बाई.

दिवाळी झाली आणि बपेऱ्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आली. गावच्या लेकी मंडईला माहेरी येतात. रत्नमाला बपेऱ्याचीच, पण लग्नाची कामं अंगावर होती म्हणून यंदा जात नाही, असं तिने अनुपला सांगून ठेवलं होतं. मंडईच्या सकाळी सुलोचनाबाईंची गाडी पार्लरसमोर उभी राहिली. कृषी केंद्रवाल्या केशवरावांच्या या पत्नीचं माहेरही बपेराच. त्यांच्या रिताचं लग्न ठरलं होतं आणि नवरीपासून मावश्यांपर्यंत सगळ्यांचा मेकअप रत्नमालाकडे होता. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालं नव्हतं.

“चाल व रत्ना. माहेरची मंडई कोनी सोडते का?”

बपेऱ्यात दोघी दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाचगाण्याचं नाटक, पाहायला पुढच्या सतरंजीवर बसल्या. दंडार आटोपली तसा माइकवाला ओरडला, “आता येऊन राहिला आहे आपल्या जिल्ह्याचा इलायती बँड, लोखंडी लिपस्टिक!”

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेल्या स्टेजवर चार बाप्ये चढले. बिबट्याच्या ठिपक्यांच्या घट्ट पँटी, उघड्या छात्या, गालांवर लाली, ओठ लालभडक. चाळीस वर्षांपूर्वी परदेशातले मेटल बँड असे नटून मोठ्या गंभीरपणे गात. हे चौघे त्यांची खिल्ली उडवत होते. गिटारवाला उताणा पडून गिटार वाजवू लागला आणि घट्ट पँटीमुळे त्याला उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. गायक मान झटकत किंचाळला, “माही रानी मोटारपंप! लाइन गेली, दिल बंद!”

सुलोचनाबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

गायकाने सोनेरी केस उडवले तेव्हा मुळाशी लाल दोरा दिसला. ती गाठ रत्नमालाच्या हातची होती. पुढच्या झटक्याला केस घसरले आणि उन्हात टक्कल चमकलं.

“अगं माय व,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. दुसरी बाई नव्हती. बाई हाच होता.

तिने पुरता श्वास सोडलाही नव्हता, तोच गाणं थांबलं आणि अनुप बाईच्या आवाजात बोलू लागला. आवाज रत्नमालाचा. मान तिरकी तिची, दाताखाली धागा धरणंही तिचं.

“माह्या पार्लरमधी एक गाडीवाली येते. मिशीले धागा लावला का धागाच तुटते. मी म्हनलं, बाई, तुमाले थ्रेडिंग नाही, धान कापाचा विळा लागते!”

मंडई फुटल्यासारखी हसली. सुलोचनाबाईही हसल्या. मग त्यांचा हात हळूच वरच्या ओठाकडे गेला.

“रत्ना, हा कोन आहे व?”

खोटं सुचलं असतं तर ती बोलली असती. “माहा नवरा.”

सुलोचनाबाई उठल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. रत्नमाला एसटीने परतली.

घरी तिने विचारलं, “घरातलं बोलनं माइकवर काहून सांगितलं?”

“मले वाटलं तू नाही येत.”

“म्हनजे मी नसली का चालते?”

अनुप खोबरेल तेलाने लिपस्टिक पुसत होता. “लोक हसले का नाही, ते सांग.”

तिच्या मनात आलं, या माणसाशी आपण इतकी वर्षं जेवताना बोललो.

आठवड्याने सुलोचनाबाई पार्लरमध्ये आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

“रिताले भंडाऱ्याची बाई सजवनार आहे.”

“चुकलं माहं, ताई.”

“चुकलं तं चुकलं. तुह्या नवऱ्याले निरोप दे. हळदीले त्याचा बँड पायजे. पोरगी हटून बसली आहे, अन् तिचा बाप तिच्यावानीच. विळ्याची गोष्ट तेवढी नाही पायजे.”

रत्नमालाला आधी वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

हळदीच्या दुपारी ती मेकअपची पेटी घेऊन केशवरावांच्या घरी गेली. मंडईत अनुपचं आयलायनर कानापर्यंत पोचलं होतं, ते तिला सहन होत नव्हतं. पडवीत चार बाप्यांना ओळीने बसवून तिने त्यांचे ओठ रंगवले, गंगावन पिनांनी घट्ट केलं. समोरच्या खोलीत भंडाऱ्याची बाई रिताला सजवत होती. फाउंडेशन फार गोरं झालं होतं. चेहरा एकीकडे, मान एकीकडे.

“काय पाहून राहिली?” अनुपने हळूच विचारलं. “सांग ना.”

“तोंड मिट,” रत्नमाला म्हणाली. “लिपस्टिक फाकते.”