भेकरांसाठी पेरलेला वाल

"यंदा राखायला कोणी नाय. वाल वर आला की मचाणावर बसू. एखादं भेकर पडेलच…"

मामांच्या बाराव्याला एडवणच्या घरी मी आतल्या दाराशी पाण्याचे ग्लास भरत होते, तेव्हा ओटीवर नितीनदादा त्याच्या मित्राला हळू आवाजात हे सांगत होता. नितीनदादा म्हणजे मामांचा पुतण्या. मी त्याला दिसले असणार. पण ही मुलगी बोलत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मनोरच्या पुढे, जंगलाला लागून मामांचा जमिनीचा एक लहान तुकडा आहे. आजोबांनी तो घेतला तो शिकारीसाठीच. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. भात निघालं की ते जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायचे. थंडीत रानातलं गवत वाळतं, वाल मात्र हिरवागार असतो, आणि कोवळ्या पाल्याला भेकरं येतातच. आजोबा मोहाच्या झाडावरच्या मचाणावर बंदूक घेऊन बसत आणि लहानगे मामा त्यांच्याजवळ. पडलेलं भेकर उचलायला गेलो तर त्याच्या तोंडात पाला तसाच होता, एवढं मामांनी मला एकदाच सांगितलं… पुढे बंदूक सरकारजमा झाली, आजोबा गेले. मामांनी पेरणी मात्र सोडली नाही. घराकडची अर्धी बाजू थंडीत मडक्यात शिजवायच्या उकडहंडीच्या शेंगांसाठी, जंगलाकडची अर्धी भेकरांची. तिथे कुंपण नव्हतं.

मी बोईसरला इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत एडवणला गेले की मला मराठीत बोलताना अडखळायला होई, सगळे हसत, आणि मग मी गप्पच राही. एका डिसेंबरात मामा म्हणाले, "बोलायचं नाय ना तुला? चल, तुझ्यासारख्यांकडे जाऊ." पहाटे आम्ही मचाणावर चढलो. उजाडताना एक मादी आली, कान हलवत, प्रत्येक पान हुंगून खात. मामा श्वासही जपून घेत होते. इतका वेळ कोणाशेजारी बसूनही काही बोलावं लागलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. त्यानंतर दर हिवाळ्यात मी जात राहिले. ओल बघून दाणा किती खोल टाकायचा, तेही मामांनी हात धरून दाखवलं.

त्यांचे सगळेच उद्योग जमत असं नाही. हरणांना मीठ लागतं असं कुठूनसं कळलं, तेव्हा ते नवापूरच्या त्यांच्या नेहमीच्या मासळीवालीकडून गोणभर मीठ घेऊन आले. ते मासळी खारवायला वापरून उरलेलं होतं. मामांचं नाक त्या वासाला इतकं सरावलेलं की त्यांना काही कळलंच नाही. वालाच्या कडेला मीठ पसरलं आणि सकाळी पाहतो तर पाड्यावरची कुत्री, मांजरं, शिवाय कोल्ह्याचे ठसे. शेजारचे काळूदादा म्हणाले, "भाऊ, भेकरांना नाय, मांजरांना आवतण दिलंत." मामी कित्येक दिवस विचारत होत्या, हरणांना चटणी वाटून नेऊ का बोंबलाची? मामा स्वतःच सर्वांत जास्त हसत. अवकाळी पावसानं मीठ धुऊन जाईपर्यंत भेकरं फिरकली नाहीत, आणि तेवढे दिवस त्यांना चैन नव्हतं.

बाराव्याची पंगत उठल्यावर नितीनदादा मामींजवळ येऊन बसला. काकांचं मनोरचं काम बंद पडू देणार नाही, वाल मी पेरतो, बी-अवजारं ठेवलेल्या तिथल्या खोपीची चावी तेवढी द्या, म्हणाला. मामींचे डोळे भरून आले. सगळे त्याला शहाणा, गुणाचा म्हणू लागले. मामी चावी काढायला उठल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या शेतात निर्धास्त मान खाली घालून चरायची सवय त्या भेकरांना मामांनीच लावली आहे, एवढंच माझ्या मनात येत होतं. मराठी चुकेल का, लोक काय म्हणतील… पण मामी कपाटाशी पोचल्या होत्या.

"मामी, चावी दादाला देऊ नका," मी म्हणाले. सगळे वळून पाहू लागले. "त्याला तिथे शिकार करायची आहे. वाल मी पेरेन. मला येतं."