डोहात बुडवलेली नाव

आमचं घर खाप्याला आणि शेत कन्हानच्या पलीकडे. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची. पावसाळ्यात मात्र सगळी भिस्त गावातल्या एकुलत्या डोंग्यावर. डोंगेवाला आधी आपल्या सोयऱ्यांना पार करी, आम्हाला शेवटी. आई खुरपं घेऊन काठावर उभी, आणि पलीकडच्या कपाशीत वाढणारं गवत तिला इथून दिसायचं. निंदण हुकलं की पीक गेलं. ते दरवर्षी हुकायचं, आणि घरातली जवारी उन्हाळ्याआधीच संपायची.

मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. परीक्षा देऊन घरी आलो आणि ठरवलं, आपली नाव आपणच बनवायची. नागपूरच्या तलावावर अरुंद पट्ट्यांची हलकी नाव नीट पाहून ठेवली होती. तिथल्याच आरा मशीनवरून सागाच्या पट्ट्या आणल्या. अंगणातल्या भिंतीवर कोळशानं आकार काढला, त्यावरून फळ्यांचे साचे कापून ओळीनं उभे केले. बाबा पट्टी वाकवून धरत, मी ती शेजारच्या पट्टीला ठोकत असे. सांध्यांत कापूस, वरून डांबर. शेवटी साचे काढले.

पण मे महिन्याचं ऊन. लाकूड आक्रसलं आणि सांध्यांतून उजेड दिसू लागला.

डोंगेवाला मुद्दाम पाहायला आला. "चाळणी बनवली का गा, बी.एस्सी.? पीठ चाळाले कामी येईन."

"अजून कापूस ठोक," बाबा म्हणाले.

मी छिन्नी उचललीही होती. तेवढ्यात बैलगाडीचं चाक आठवलं. उन्हानं ते खिळखिळं झालं की आम्ही नदीत टाकतो. लाकूड पाणी पितं, सांधे आवळतात. मग नावेचं वेगळं काहून असेल? उलट आता गच्च कापूस ठोकला, तर फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना ढकलून उखडतील.

नाव डोहावर नेली, आत दगड भरले आणि बुडवली. काठावर गाव जमलं.

"लोक तराले नाव बनवते, हा डुबवाले बनवून राहिला!"

आई एवढंच म्हणाली, "हासू द्या. पाणी पिऊन राहिली थे."

पेरणीआधी दगड काढून नाव वर घेतली, पाणी उपसलं. सांध्यांवरून नख फिरवलं, तर ते कुठं शिरेना.

नदी भरली तेव्हा पहिली आई बसली, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून.

"पलटन का रे?"

"नाही पलटत, माय."

बाबांनी बांबू रेटला. पलीकडे उतरल्यावर तिनं मागं वळूनही पाहिलं नाही, सरळ कपाशीत शिरली.

त्या वर्षी आमच्या शेताचं निंदण वेळेवर झालं.