दाजी आणि ऐंशी टक्के

बॅटरीवर पोटच्या लेकरासारखी माया करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या अक्कांचा, नवरा. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. लातूरला कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतात, पण जीव सगळा लॅपटॉपच्या बॅटरीत. ती वीस टक्क्यांखाली उतरू द्यायची नाही आणि ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही, हे त्यांचं व्रत. खालून वारा लागावा म्हणून लॅपटॉप पोळपाटावर ठेवतात. अक्का बिचाऱ्या पोळ्या ओट्यावर लाटतात. स्क्रीनचा उजेड इतका कमी, की फोटो बघायचा तर पाहुण्याला डोक्यावरून चादर घ्यावी लागते. नांदेडला आमच्या वास्तुशांतीत दाजी भर पंगतीतून उठले. चक्कर आली की काय म्हणून चार माणसं मागे धावली, तर हे आतल्या खोलीत चार्जरची पिन काढत होते. "ऐंशी झाले," म्हणाले आणि परत येऊन वरणभात कालवू लागले. मी एकदा विचारलं, "पोरांना नव्याण्णव टक्के मागता, मग हिला ऐंशीवर कसं सोडता?" ते शांतपणे म्हणाले, "पोरांची परीक्षा एकदा. हिची रोज हाय."

या वेडाचं मूळ त्र्याण्णव सालच्या भूकंपात आहे. घराला तडे गेल्यावर दाजी काही आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. बातम्यांना एकच ट्रान्झिस्टर, आणि सेल कुठे मिळेनात. दाजी विझत आलेले सेल दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे, आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरते ते चालायचे. उन्हावर त्यांची जी श्रद्धा बसली, ती कायमची. पुढे क्लासेस गल्लोगल्ली झाले, प्रश्नपत्रिका काढायला लॅपटॉप आला. त्याची बॅटरी लवकर उतरायला लागली तेव्हा दाजींनी ती काढून गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली. कुरडया झकास वाळल्या. बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगली. दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला आणि समजावलं, की बॅटरीला ऊन सोसत नाही आणि सारखं शंभरावर ठेवणंही मानवत नाही. नवी बॅटरी बसवली आणि व्रत सुरू झालं ते त्या दिवसापासून.

माझी लेक डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा दुसरा प्रयत्न करायला त्यांच्याकडे राहिली होती. परीक्षा महिन्यावर आलेली असताना दाजींचा फोन आला. "पोरगी जेवून नाही राहिली, झोपून नाही राहिली. चार दिवस घेऊन जा."

"सोमवारी टेस्ट आहे दाजी. आता कशी आणू?"

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दाजी उभे, खांद्याला तिची बॅग, मागे ती. तिचा चेहरा बघितला आणि मी बॅग आत नेऊन ठेवली. दाजी पाच दिवस राहिले. रोज सकाळी तिला गोदावरीच्या घाटावर फिरवून आणायचे, वाटेत काहीतरी खाऊ घालायचे. अभ्यासाचा शब्द नाही. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की दाजींच्या तोंडून टक्के ऐकूच आले नाहीत.

"लॅपटॉप कुठंय?"

"घरी. निघायच्या घाईत पिन तशीच राहिली."

अक्का माहेरी निलंग्याला गेलेल्या, घराला कुलूप, वर उन्हाळा. "कधी आठवलं तुम्हाला?"

"चाकूरला."

म्हणजे लातूर सोडून तासभरही झाला नव्हता.

ती बॅटरी गेलीच. पिन काढली की लॅपटॉप दहा मिनिटांत मान टाकायचा. लेकीचाही त्या वर्षी नंबर लागला नाही. आता ती धर्माबादला शाळेत शिकवते, पोटभर जेवते, आणि फोनवर हसली की मला बरं वाटतं. तरी बाप असून मी तेव्हा सोमवारची टेस्ट बघत होतो, याची लाज अजून जात नाही.

त्या दिवशी मी दाजींना म्हटलंही होतं, "चाकूरलाच उतरून मागे फिरायचं ना. गाड्या काय, अर्ध्या तासाला आहेत."

 दाजी म्हणाले, "खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती पोरगी. लई दिवसांनी झोपली होती."