सासूला लुनावरून पाडा

मनमाडच्या एका दवाखान्यात कारकून असलेल्या दीपमाला गांगुर्डे यांनी २००३ साली आपली पहिली कथा लिहिली. त्यांच्या सासूबाई पन्नाशीत लुना चालवायला शिकल्या, त्याची ती गमतीची गोष्ट होती. ती घेऊन त्या नाशिकच्या लेखक मेळाव्याला गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत एका नावाजलेल्या कथाकारांनी ती वाचायला घेतली. एका हातात बटाटेवडा होता, दुसऱ्या हाताने पानं उलटणं चाललं होतं.

"राहता कुठे?" त्यांनी विचारलं.

"मनमाडला, बुद्धवाडीत."

"मग हे हसणं-खिदळणं कशाला? तुमच्या वस्तीतलं दुःख येऊ द्या ना! शेवटी सासूला लुनावरून पाडा. मेली तर उत्तमच. वाचक हलतो."

"पण त्या पडल्या नाहीत, सर. अजून रोज चालवतात."

"अहो, सुखातल्या बाईची गोष्ट तुमच्याकडून कोण वाचणार?" असं म्हणत त्यांनी तेलकट बोटं पहिल्याच पानाच्या कडेला पुसली. भोवतीची मंडळी हसली.

हा माणूस खाता खाता आपल्या घरातलं मरण मागतोय आणि आपण त्याला 'सर' म्हणतोय, याचीच दीपमालाबाईंना जास्त किळस आली. त्यांनी त्याच्या हातातून पानं काढून घेतली आणि प्रमाणपत्रासाठी न थांबता थेट एसटी स्टँड गाठलं.

पुढची दोन वर्षं मेळाव्याचं निमंत्रण येत राहिलं. त्या गेल्या नाहीत. कथा मात्र त्यांनी एक शब्दही न बदलता वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवली. अजूनही त्या कथाकाराचा फोटो पेपरात दिसला, की त्यांच्या तोंडाची चव जाते.