वृंदाच्या गोळ्या

कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या बहिणीच्या घरी आली तेव्हा वृंदा पंचविशीची होती, पण ट्राममध्ये खिडकीच हवी म्हणून लहान मुलीसारखी हटून बसायची. डाऊन सिंड्रोम हा शब्द १९७२ साली त्या घरात कुणाला ठाऊक नव्हता; मतिमंद म्हटलं की विषय संपायचा. तिचं सगळं आयुष्य साताऱ्यात आईजवळ गेलेलं. आई अचानक इस्पितळात वारली आणि थोरली बहीण सुनीती तिला कलकत्त्याला घेऊन आली. सुनीतीचे यजमान शरच्चंद्र खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी. घरात मूलबाळ नव्हतं.

"आई कुठंय?" वृंदा विचारायची.

"देवदर्शनाला गेलीय. येईल हं," सुनीतीनं सांगून टाकलं.

मग रोज दिवेलागणीला वृंदा जिन्यात जाऊन उभी राहू लागली. अंधार पडला की दार बडवायची, स्वतःचा हात चावायची. खालच्या मजल्यावरच्या दत्तबाबूंनी तक्रार केली. डॉक्टरांनी वृंदाला तपासलं, तिच्याशी बोलले मात्र नाहीत. वेड लागलेल्यांना देतात त्या गोळ्या त्यांनी लिहून दिल्या.

वृंदा गप्प झाली. शरच्चंद्रांना हायसं वाटलं, खरं तर सुनीतीलाही. पण दुपारी सुनीती साताऱ्याच्या गोष्टी काढायची आणि वृंदा भिंतीकडे बघत राहायची. हनुवटीवर लाळ, हात थरथरते. मराठीत बोलायला दिवसभर घरात ते एकच माणूस, तेही कुठल्या कुठे गेलेलं.

एकदा सुनीती तिला न्हाऊ घालत होती. पाणी फार कढत आहे हे कळलं ते वृंदाची पाठ लालबुंद झाल्यावर. वृंदानं हूं की चूं केलं नव्हतं.

"शांत तरी आहे," शरच्चंद्र म्हणाले.

"भाजलं तरी ओरडत नाही ती! ही कसली शांती?"

सुनीती एकटीच डॉक्टरांकडे गेली. ते नाराज झाले, पण एकदम बंद करू नका असं बजावून गोळी हळूहळू कमी करायला तयार झाले. काही आठवड्यांनी वृंदा पुन्हा जिन्यात उभी दिसली. सुनीती तिच्याजवळ पायरीवर बसली.

"वृंदे, आई वारली गं. ती आता येणार नाही."

वृंदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू रडशील म्हणून."

"मग रडू दे ना."

आणि ती मोठ्यानं रडली. आवाज ऐकून दत्तबाबूंची बायको वर आली. मोडक्यातोडक्या बंगालीत सुनीतीनं प्रथमच सांगितलं, आमची आई गेली. ती बाई खालच्या पायरीवर बसून राहिली.

पुढे गोळ्या सुटल्या. दार बडवणं जवळजवळ थांबलं. गोळ्यांनी जडलेली ओठांची चाळवाचाळव मात्र कायमची मागे राहिली; ट्राममध्ये लोक टक लावून बघत आणि सुनीती खिडकीबाहेर पाही.

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, छातीच्या दुखण्यानं वृंदा गेली. शरच्चंद्र कामावरून उशिरा येत. सुनीती देवापाशी दिवा लावून एकटी बसे. आईच्या हातची आमटी आठवते का गं, असं विचारायला त्या एवढ्या मोठ्या शहरात आता कुणी उरलं नव्हतं.