पायाळूचा उजवा पाय

सन दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. आईच्या पोटातून मी पायाकडून बाहेर आलो, म्हणून पायाळू. आमच्या आरमोरीकडे कुणाची कंबर धरली की तो माझ्या अंगणात येऊन पालथा पडतो आणि मी उजव्या पायानं कमरेला हलकी लाथ मारतो. चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही, पण या पायापुढे मास्तर, सरपंच सगळे पालथे पडले आहेत.

दोन हिवाळ्यांपासून त्या पायाला काटा लागत नव्हता. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बोराटीचा काटा मोडायचा, रक्त यायचं, आणि मला कळायचं घरी आल्यावर. मी म्हणायचो, पाय पिकला, लोखंड झाला. बायकोलाही तसंच सांगून ठेवलं होतं.

मुलगी चंद्रपूरला असते. जावई मास्तर आहेत. त्यांनी गाडी केली आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना फिरवायला नेलं. आधी वर्धा नदीपलीकडचं गरम पाण्याचं कुंड, मग भद्रावतीची लेणी आणि तिथला तलाव.

कुंडावर लोक फडक्यात तांदूळ बांधून झऱ्याच्या तोंडाशी सोडत होते. त्यांचा भात होत होता. आंघोळीचं कुंड खाली, वेगळं. मी मुलीनं घेऊन दिलेले नवे बूट काढले आणि वरच्याच पायरीवर जाऊन उभा राहिलो.

"अजी, आधी कोपर घालून पाहा," बायको म्हणाली. लेकराच्या आंघोळीचं पाणी बाया असंच पाहतात.

"मी का लेकरू आहो?"

"मामाजी, खाली या. तिथी भात शिजून राह्यला," जावई म्हणाले.

"माहा पाय का तांदूळ आहे?"

जावई हसले. "बरं. पायाळू माणसाले सूट असन."

ते हसले नसते तर कदाचित मी खाली आलो असतो. उजवा पाय घोट्यापर्यंत सोडला. कोमट लागलं. लागलं म्हणजे, काहीच लागलं नाही. शेजारच्या एका माणसानं हात जोडले. मग तर पाय काढणं शक्यच नव्हतं. मुलीनं दंड धरून ओढलं तेव्हा काढला. पाय लालभडक झाला होता.

"पाहा," मी जावयांना म्हणालो, "लोखंड." आणि मोजा चढवून बूट घातला.

लेण्यांच्या दारात बूट पुन्हा काढावे लागले. मोजा निघेना. जोर लावला तसा निघाला. आत लांब अंधारी वाट, आणि शेवटी दगडात बसलेले बुद्ध. पुढे मी, मागे बायको मोबाईलचा उजेड धरून. दगड थंड आहे हे डाव्या पायानं सांगितलं. उजवा गप्प होता. मी मूर्तीपुढे गुडघे टेकले.

"अजी, तुमचा एकच पाय ओला काऊन आहे?"

मी वळून पाहिलं. तिनं उजेड खाली धरला होता. दारापासून माझ्यापर्यंत ठसे आले होते, सगळे उजव्याचे. कुंडाचं पाणी तर कधीचंच वाळलं होतं. तिनं एका ठशाला बोट लावलं आणि उजेडात धरलं. खाली बसून तिनं माझा तळवा हातात घेतला.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

"चिमटा काढून राह्यली."

मग मी भ्यालो.

जावयांनी मला पाठीवर घेतलं. मी नको नको म्हणत होतो. हडकुळा माणूस, पायऱ्या उतरताना त्यांची धाप माझ्या छातीला लागत होती. तलावाच्या काठाला एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई सुई घेऊन बसल्या. "इथं लागतं का? इथं?" मी भिंतीकडे पाहून हो हो म्हणत होतो.

"बाबा, मी अजून टोचलंच नाही," त्या म्हणाल्या.

शुगर निघाली. पाय बधिर झाला होता आणि तळव्याची साल गेली होती. त्यांनी पट्टी बांधली. "उद्या सकाळीच चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवा. टाळलं तर बोटं जातील. पायही जाऊ शकतो."

"उद्या मी गावाले जातो," मी म्हणालो. दवाखान्यात गेलो की कापतीलच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पाय कापलेल्या पायाळूच्या दारी कोण येईल? गाडी चंद्रपूरकडे निघाली. तलाव बराच वेळ खिडकीत दिसत होता, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून दिवाणावर बसलो होतो. आतून जावई भिंत धरत आले, विळ्यासारखे वाकलेले.

"काय जी?"

"कंबर धरली, मामाजी. काल तुम्हाले उचललं ना."

"मलम लावा."

"लावला." मग ते म्हणाले, "लाथ मारता का?"

जन्मभर वर्गात अंधश्रद्धेविरुद्ध शिकवणारा माणूस. "शाळेत काय सांगसान?" मी विचारलं.

"शाळेत कायले सांगू?" ते जमिनीवर पालथे पडले.

मी बसल्या जागेवरून डावा पाय त्यांच्या कमरेला लावला.

"हा डावा आहे," ते खालूनच म्हणाले. "मले उजवा पाहिजे."

"उजवा बांधला आहे."

"मंग सुधरवून आना. मी पडतो इथीच."

खरंच कंबर धरली होती की सोंग होतं, हे मी आजवर विचारलं नाही. मी पिशवी दिवाणाखाली सरकवली आणि मुलीला ऑटो बोलवायला सांगितलं.